हाताला कळणारा खटका : स्पोर्ट्स कारचा गिअर आणि औशाच्या मिस्त्रीची मजुरी

कोट्यवधी रुपयांच्या स्पोर्ट्स कारचा आणि औशाचा संबंध काय, असा प्रश्न हे पान उघडणाऱ्या वाचकाला पडणे साहजिक आहे. आपल्याकडे धावतात त्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या, छोटा हत्ती, आडतीवरचा माल नेणारे ट्रक आणि हप्त्यावर घेतलेल्या लहान मोटारी. महामार्ग चौपदरी झाल्यापासून एखादी बुटकी, रुंद, दोन सिटांची गाडी लातूरकडून तुळजापूरच्या दिशेने सूं करून निघून जाते, तेवढेच काय ते दर्शन. तरीही आज या पानावर त्या गाडीच्या एका भागाविषयी लिहायचे आहे. तो भाग म्हणजे तिचा गिअरचा दांडा.

हा दांडा हाताला कसा लागतो, एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना तळहाताला काय कळते, एवढ्यासाठी जगातल्या मोठ्या कंपन्या इंजिनिअर बसवतात, वर्षानुवर्षे चाचण्या घेतात आणि हौशी गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे मोजते. नेमकी हीच गोष्ट, म्हणजे दांड्यावर हात ठेवून आतले ओळखणे, आपल्या गॅरेजमधला मिस्त्री रोज करतो आणि बहुतेक वेळा त्याचा एक पैसाही घेत नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर आपल्या कारागीर बांधवांना काही हिशेब नव्याने मांडता येईल.

दांड्याखाली काय चालते?

हल्लीच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांची दातेरी चाके जोडीजोडीने कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. आपण दांडा ढकलतो तेव्हा चाके सरकत नाहीत, सरकते ती स्लीव्ह. दांड्याच्या टोकाला रॉड, रॉडवर फोर्क, फोर्कच्या पकडीत स्लीव्ह. ती ज्या चाकावर जाऊन बसते तो गिअर पडला असे आपण म्हणतो. अडचण अशी की, ते चाक आणि स्लीव्ह निरनिराळ्या वेगाने फिरत असतात. वेग जुळण्याआधी दात भिडले की कर्र आवाज होतो. वेग जुळवण्याचे काम पितळी सिंक्रो रिंग करते. ही रिंग आतून शंकूसारखी असते. ती चाकाच्या शंकूवर घासून ब्रेकसारखी पकड घेते, वेग सारखा होईपर्यंत स्लीव्हला दारातच अडवते आणि सारखा झाला की वाट देते. १९२८ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीत ही युक्ती प्रथम आली. त्यापूर्वी गिअर बदलणे ही ड्रायव्हरची परीक्षाच असे.

आता हाताला काय कळते ते पाहा. रॉडवर खाचा असतात आणि त्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी बसलेली असते. दांडा हलला की आधी गोळी खाचेतून निसटते, हा पहिला खटका. मग सिंक्रो रिंगचा किंचित अडसर लागतो. मग स्लीव्ह आत जाते आणि गोळी पुढच्या खाचेत बसते, हा दुसरा खटका. सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पण कसलेल्या हाताला या तिन्ही गोष्टी वेगळ्या कळतात. नव्या ड्रायव्हरला फक्त गिअर पडला एवढेच कळते.

स्पोर्ट्स कार बनवणारे या तीन गोष्टींवरच मेहनत घेतात. गोळीची स्प्रिंग किती ताठ ठेवायची, खाचेचा उतार किती द्यायचा, दांडा किती आखूड करायचा, न्यूट्रलमध्ये सोडल्यावर तो आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेसमोर येऊन उभा राहील यासाठी बाजूच्या स्प्रिंगा किती ताणायच्या, हे सारे ठरवावे लागते. दांड्याला थोडे वजनही मुद्दाम देतात. गती घेतलेले वजन सिंक्रोचा अडसर स्वतःच्या झोकाने पार करते आणि हाताला जोर लावावा लागत नाही. हातोड्याचा दांडा धरणाऱ्या लोहाराला हे सांगावे लागत नाही. हलक्या हातोड्याने हात जास्त दुखतो.

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली मिआटा नावाची छोटी, दोन सिटांची उघडी मोटार बाजारात आणली. किंमत बेताची, इंजिन साधे १.६ लिटरचे. तरीही गिअरच्या बाबतीत तिचे नाव आजही मोठमोठ्या गाड्यांच्या आधी घेतले जाते. कारण सोपे आहे. तिचे इंजिन पुढे उभे बसवलेले, त्याच्यामागे गिअरबॉक्स आणि दांडा थेट त्या बॉक्सवरच रोवलेला. मध्ये ना केबल, ना लांबलचक रॉड. मनगट थोडे वळवले की गिअर पडतो. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग त्या कंपनीने या गाडीचे ध्येय म्हणून पुढे ठेवला. दख्खनच्या घोडेस्वारांच्या मुलखात याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. होंडाची १९९९ ची एस-२००० ही गाडीही याच बांधणीची आणि याच गुणासाठी नावाजलेली.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा गिअर वर्षानुवर्षे स्टिअरिंगच्या खांबावर होता. हात वर, बॉक्स खाली, मध्ये रॉड आणि सांधे. नवी गाडी असेपर्यंत ठीक. पण एकेका सांध्याचा बुश झिजत गेला की खटका वाटेतच हरवायचा आणि दांडा खिचडीतल्या पळीसारखा फिरायचा. मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवलेल्या बुजुर्गांना हे आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली. त्या बिघडलेल्या दांड्यातूनही गिअर अचूक शोधणारे हात मात्र अजून आहेत.

इटलीच्या फेरारी गाड्यांची तऱ्हा निराळीच. त्यांच्या दांड्याभोवती रबराचे बूट नसायचे, तर खाचा कापलेली चकचकीत धातूची पाटी असायची. दांडा त्या खाचांतून जाताना टण्ण असा आवाज येई आणि त्या आवाजावर लोक फिदा होते. गंमत म्हणजे या महागड्या गाड्यांच्या जुन्या पिढीत थंड तेलावर दुसरा गिअर पडायला कुरकुर करी. तेल तापेपर्यंत मालक पहिल्यावरून सरळ तिसरा टाकत. डिसेंबरच्या पहाटे मोंढ्यात निघालेला आपला टेम्पोवाला तेच करतो. दाट तेल चाकांना आवरून धरते, रिंगला ते कापायला वेळ लागतो. किंमत कोटींची असो वा लाखाची, पितळ आणि तेल यांचा स्वभाव एकच.

मराठवाड्याची आपली जलद गाडी

स्पोर्ट्स कारच्या गोष्टीत महाराष्ट्र आणि शेजारचा गोवा अगदीच कोरे नाहीत. गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही दोन सिटांची गाडी फ्रान्सच्या रेनो कंपनीचे छोटे इंजिन घालून बनवली. पुण्याची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात आली; तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि गिअर हातानेच टाकायचे. पाठीमागे बॉक्स असला की दांड्यापासून तिथवर लांब केबल न्यावी लागते आणि लांब केबलमधून खटका तितका नेमका येत नाही. अशा बांधणीच्या सर्वच गाड्यांपुढे ही अडचण असते.

पण आपल्या दृष्टीने खरे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीने २००१ साली ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू केली. २००४ साली या गाडीचा आरएस नावाचा जलद अवतार भारतात आला. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि पाच गिअर, सारे हाताने टाकायचे. त्या काळी साध्या मोटारीच्या किमतीच्या मानाने ही गाडी महाग. पण गाडी चालवण्याची आवड असणाऱ्यांनी ती जपून ठेवली आणि चांगल्या अवस्थेतली गाडी आजही शोधून घेतली जाते. २०११ साली लॉरा नावाने पुढचा आरएस आला, १६० अश्वशक्तीचा, सहा गिअरांचा, तोही हाताचाच. आणि २०१७ साली ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा आला तेव्हा शक्ती २३० वर गेली होती आणि क्लचचे पेडल नाहीसे झाले होते. दोन क्लच असलेला आपोआप बदलणारा बॉक्स तेवढा उरला. तेरा वर्षांत एकाच नावाच्या गाडीत हे घडले, तेही आपल्या मराठवाड्याच्या दारात.

असे का झाले? कारण शर्यतीच्या मैदानावर हात हरला. १९८९ साली ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत फेरारीने स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. १९९७ साली फेरारीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते तंत्र आले. दोन क्लचच्या बॉक्समध्ये तर पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. माणसाचा हात कितीही चपळ असला तरी तिथे पोचत नाही. घड्याळ लावून मोजले तर वाद संपला.

तरीपण गिऱ्हाईकाने वाद संपू दिला नाही, हे व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. जर्मनीच्या पोर्शने २०१३ साली आपल्या जीटी-३ गाडीतून हाताचा गिअर काढून टाकला. ती गाडी जास्त वेगवान झाली. पण जुने कदरदान नाराज झाले. २०१६ साली कंपनीने ९११-आर ही मोजक्या संख्येची गाडी केवळ हाताच्या गिअरसह काढली, तेव्हा तिच्यावर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी जीटी-३ मध्ये हाताचा गिअर परत आला. जुन्या फेरारींच्या लिलावातही तसेच आहे. एकाच मॉडेलची पाकळ्यांची गाडी आणि दांड्याची गाडी समोरासमोर आली तर दांड्याची गाडी पुष्कळ वरचढ भावाने जाते. वेगाने कमी, किमतीने जास्त. आणि २०२३ साली कोरियाच्या ह्युंदाईने विजेवर चालणारी आयोनिक ५-एन ही जलद गाडी आणली. तिला गिअर बदलण्याची गरजच नाही, तरी गिअर बदलल्यासारखे हिसके आणि आवाज देण्याची सोय त्यात मुद्दाम घातली आहे. नसलेल्या खटक्यासाठी पैसे मोजणारे लोक आहेत. मग असलेला खटका ओळखणाऱ्याच्या हाताला मोल का नसावे?

डबल क्लचची विद्या

स्पोर्ट्स कारवाल्यांच्या आणखी एका कौतुकाची गोष्ट सांगतो. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येताना इंजिनचा वेग वाढावा लागतो. तो न वाढवता क्लच सोडला तर गाडी धक्का खाते आणि मागची चाके घसरू शकतात. म्हणून शर्यतीचा ड्रायव्हर उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक दाबून त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलेटरला टोला देतो, इंजिनची फेर वाढवतो आणि मग क्लच सोडतो. २००८ च्या सुमारास निसानने ३७०-झेड गाडीत हा टोला कॉम्प्युटरकडून देण्याची सोय केली आणि तिची मोठी जाहिरात झाली.

ही विद्या आपल्या ट्रक ड्रायव्हरांना कोणी शिकवली? ज्या जुन्या ट्रकांना सिंक्रो नव्हते ते चालवणारे लोक क्लच दाबून न्यूट्रल करत, क्लच सोडून अॅक्सिलेटर देत, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकत. यालाच डबल क्लच म्हणतात. तुरीची किंवा सोयाबीनची पोती भरून तुळजापूरचा घाट उतरताना गिअर चुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि सारा भार ब्रेकवर येतो. तापलेला ब्रेक घाटात दगा देतो. तेव्हा परदेशातल्या मैदानावर हौसेने केली जाणारी गोष्ट इथे जिवाच्या भीतीने शिकली गेली. क्लीनरने उस्तादाच्या शेजारी बसून, कानाने इंजिन ऐकत शिकायची. मार चुकत नसे. नव्या ट्रकांना सिंक्रो आल्यापासून ही विद्या मागे पडली आहे. पण दुसऱ्या गिअरची रिंग गेलेली गाडी गॅरेजपर्यंत आणायची असेल तर अजूनही तीच कामाला येते.

हाताने वाचलेली गाडी

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे. लातूर, नांदेड, औसा, उदगीर या पट्ट्यात जुन्या गाड्यांची घेवाण-देवाण करणारे आणि गॅरेज चालवणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. चांगला मिस्त्री दांड्यावर हात ठेवून काय काय वाचतो ते लिहून ठेवण्याजोगे आहे.

गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला आणि रिव्हर्स टाकताना कर्र वाजते. सामान्य माणूस म्हणतो, बॉक्स गेला. मिस्त्री आधी क्लचकडे बघतो. कारण क्लच पुरता सुटत नसेल तर बॉक्सची चाके फिरतच राहतात आणि ज्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसते त्यांत ते लगेच ऐकू येते. दोष केबलचा किंवा क्लचच्या तेलाचा निघाला तर काम तासाभराचे. पण रिव्हर्स शांत पडतो आणि चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यात येतानाच कर्र होते, तर ती दुसऱ्याची पितळी रिंग. तिथे बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

गाडी ओढत असताना गिअर टिकतो आणि अॅक्सिलेटर सोडला की निसटतो, अशी तक्रार आली तर स्लीव्हचे दात गोल झालेत, गोळीची स्प्रिंग मेली आहे, की इंजिनचे फाउंडेशन रबर फाटून सारे इंजिनच मागेपुढे होते आहे, हे ठरवावे लागते. दांड्यावर नुसता तळहात टेकवून गाडी ओढायला लावली तर रबर गेलेल्या गाडीचा दांडा उडी मारतो. रबराचा खर्च आणि स्लीव्हचा खर्च यांत केवढे अंतर आहे ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग. दांडा बाजूंना सैल झुलतो पण गिअर बिनआवाज पडतात, तर बॉक्स ठणठणीत. वरचे प्लास्टिकचे बुश झिजलेत. बुश थोडक्या पैशांत येतात. ते नवे बसवले की गिऱ्हाईकाला गाडी नवी झाल्यासारखी वाटते. स्पोर्ट्स कारचे शौकीन तर कंपनीचे रबरी बुश काढून कडक बुश बसवतात, केवळ खटका स्पष्ट यावा म्हणून.

तेलाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यात नुकसान फार होते. गिअर तेलाच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेले असते. जीएल-५ मोठा आकडा म्हणून भारी, असे समजून अनेक जण डिफरन्शियलचे जीएल-५ तेल बॉक्समध्येही ओततात. त्यातली गंधकयुक्त द्रव्ये डिफरन्शियलच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी असतात. पितळाला ती मानवतातच असे नाही. शिवाय ते तेल जास्त निसरडे असल्याने सिंक्रो रिंगची पकड सुटते आणि नव्या रिंगाही कुरकुरतात. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेच तेल घालावे. स्वस्त-महाग हा प्रश्न नंतरचा.

आणि आता न आवडणारी गोष्ट. बॉक्सचा आवाज दाबण्यासाठी त्यात जाड ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घालून गाडी विकायची, ही जुन्या बाजारातली जगभरची बदमाशी आहे आणि आपल्याकडेही ती माहीत नाही असे नाही. गाडी आधीच तापवून ठेवायची, गिऱ्हाईकाला सरळ रस्त्यावरच फिरवायचे, दुसऱ्या गिअरवर उतरूच द्यायचे नाही, हेही त्यातलेच. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले आणि त्यांनी त्या विक्रेत्याला काय बजावले, तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. औशाच्या मोंढ्यात ढिगात हात घालून बघितल्याशिवाय कोणी तूर घेत नाही. गाडीच्या बाबतीत तो आत घातलेला हात म्हणजे मिस्त्रीचा दांड्यावरचा हात होय. म्हणून गाडी घेताना मिस्त्रीला बरोबर न्यावे, थंड इंजिनवर गाडी सुरू करायला सांगावे आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यात स्वतः येऊन बघावे. विकणाऱ्यानेही दोष आधी सांगून भाव ठरवला तर पुढच्या भांडणाचा खर्च वाचतो.

मजुरी कशाची?

इथेच खरी गोम आहे. समजा, एका गिऱ्हाईकाने गाडी आणली आणि म्हटले, "चाचा, गिअर अडकतोय, बॉक्स खोला." प्रामाणिक मिस्त्री दोन मिनिटे दांडा हलवतो, क्लचची केबल आवळतो आणि गाडी परत देतो. त्याला चहापुरते पैसे मिळतात. शेजारचा दुसरा काही न बोलता बॉक्स उतरवतो, दोन दिवस गाडी ठेवतो, रिंगा बदलतो, केबलही आवळतो आणि हजारोंचे बिल करतो. गिऱ्हाईकाला दुसराच मोठा कारागीर वाटतो. आपल्या धंद्याची रीत अशी झाली आहे की, मजुरी पाने फिरवण्याची मिळते, ओळखण्याची मिळत नाही. ज्याचा हात जास्त जाणता, त्याचे काम कमी आणि कमाईही कमी. ही रीत इमानदारीलाच दंड करते. डॉक्टर नाडी बघून औषध नको म्हणाला तरी त्याची फी देतोच ना आपण?

हा प्रश्न आता टाळता येणार नाही, कारण एएमटीच्या गाड्या येऊन दहा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ही सोय स्वस्त दरात आणली. पुढे टाटा, महिंद्रा, रेनो यांनीही आणली. क्लचचे पेडल नाही म्हणून आपले अनेक मिस्त्री या गाडीला हात लावत नाहीत, ती सरळ लातूरच्या शोरूमला पाठवतात. हे नुकसान अज्ञानाचे आहे. एएमटी हा काही नवा बॉक्स नव्हे. आत तीच दातेरी चाके, तीच स्लीव्ह, तेच फोर्क, तीच पितळी रिंग, तीच क्लच प्लेट. फक्त आपला हात आणि पाय जे करत होते ते आता वर बसवलेले यंत्र करते. त्या गाडीत गिअर बदलताना मान पुढे डुलते, ती यंत्राच्या सावकाश हाताची खूण. नवशिक्या ड्रायव्हरबरोबर बसल्यावर जसे होते तसेच. डुलणे अचानक वाढले तर क्लच प्लेट झिजली असण्याचा संभव, आणि दुसरा गिअर नाकारून बॉक्स न्यूट्रलवर येऊ लागला तर रिंगेवरही नजर टाकावी लागते. म्हणजे निदानाची अर्धी विद्या आपल्याकडे आधीच आहे.

उरलेली अर्धी स्कॅनरची. एएमटीची क्लच प्लेट बदलली की क्लच कुठे धरतो ते यंत्राला नव्याने शिकवावे लागते. ते काम स्कॅनर जोडल्याशिवाय होत नाही. हा स्कॅनर एका गॅरेजला एकट्याने घेणे जड जाते. चार गॅरेजांनी मिळून एक घ्यावा, वापराची वही ठेवावी, आणि आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या एखाद्या पोराला त्यावर बसवावे. पोराला पडदा वाचता येतो, उस्तादाला दांडा. दोघे एका गाडीवर उभे राहिले तर काम चुकत नाही. विजेच्या गाड्यांना बहुधा एकच गिअर असतो आणि त्यांच्यात ही करामत लागणार नाही हे खरे. पण रस्त्यावर आज ज्या दांड्याच्या आणि एएमटीच्या गाड्या आहेत त्या एका दिवसात भंगारात जाणार नाहीत. दुरुस्तीचे काम जुन्या गाडीलाच असते.

शोरूममध्ये गाडी गेली की बोनेट उघडण्याआधी तपासणीचा आकार बिलावर लागतो आणि तिथे कोणी हुज्जत घालत नाही. औसा आणि लातूरच्या मिस्त्रींनी बसून असाच एक ठराविक निदानाचा दर ठरवावा आणि तो गॅरेजच्या भिंतीवर रंगवून लावावा: काम निघाले तर बिलातून वजा, न निघाले तरी देणे. सुरुवातीला चार गिऱ्हाईके कुरकुरतील. ज्या गिऱ्हाईकाचा बॉक्स न खोलता वाचेल, तो पुढच्या वेळी भावाची गाडी घेऊन येईल.